खुर्ची क्रमांक चौदाचा रहिवासी

आजारी पडण्यापूर्वी प्रत्येक माणूस कुठे ना कुठे राहत असतो. इतके उघड सत्य वैद्यकशास्त्राच्या नजरेतून शेकडो वर्षे कसे निसटले, हे एक कोडेच आहे. डॉक्टर नाडी पाहतात, जीभ पाहतात, पापणी खाली ओढून डोळ्यात बॅटरी मारतात. पण 'आपण राहता कुठे?' हा प्रश्न कागदावर पत्ता घालण्यापुरता विचारतात. आरोग्य विमा खात्याने मात्र या प्रश्नाचे खरे मोल ओळखले आणि त्यावर एक संपूर्ण सुधारणा उभी केली. तिचे कौतुक करण्यासाठी मी लिहायला बसलो आहे. माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यापैकी कोणी खात्याची माहितीपुस्तिका वाचलेली नाही.

मी ती तीनदा वाचली. एकशे बारा पाने आहेत. अडतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढल्यामुळे छापलेले काहीही शेवटपर्यंत वाचण्याची मला खोड आहे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद मी वाचतो. बसच्या तिकिटामागचे नियम वाचतो. (बस सुटते ती त्यामुळेच.) या खोडीचा कोणाला कधी उपयोग झाल्याचे आठवत नाही. त्रास कोणाला झाला, ते पुढे येईलच.

सुधारणेपूर्वीची परिस्थिती शोचनीय होती. विम्याला अपात्र ठरण्याचे एकतीस प्रकार होते. वय जास्त म्हणून अपात्र, नोकरी नाही म्हणून अपात्र, नोकरी आहे पण हंगामी म्हणून अपात्र, पूर्वी आजारी होतात म्हणून अपात्र आणि पूर्वी कधीच आजारी नव्हतात म्हणून संशयास्पद. सुधारणेने हे एकतीसही प्रकार एका फटक्यात रद्द केले. आता अट एकच: माणूस रहिवासी हवा. प्रत्येक रहिवासी पात्र. प्रत्येक रहिवाशाची नोंदणी. रहिवाशाची आश्रित पत्नी किंवा पती त्याच नोंदणीत आपोआप समाविष्ट. जुनी कार्डे रद्द. नव्या नोंदणीची मुदत महिनाअखेरपर्यंत, आणि त्यानंतर पुढच्या वर्षी.

यापेक्षा सोपे काय असणार? 'रहिवासी' म्हणजे काय, एवढेच ठरवायचे राहिले होते. ते पान चौऱ्याऐंशीवर ठरवलेले आहे.

आता मला माझ्या बायकोविषयी सांगायला हवे, कारण विमा तिला हवा होता. मी तसा ठणठणीत आहे. न वापरलेली वस्तू बरीच वर्षे टिकते, तसा. ती शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचे मशीन आहे आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कपड्यांची लांबी-रुंदी तिला पाठ आहे. वर्षभरापासून तिला अंधूक दिसू लागले होते. मोतीबिंदू.

"सुईची नाकं दोन दिसतात," ती म्हणाली होती. "आता दोरा कुठल्यात घालू?"

मी "हूं" म्हणालो होतो, असे ती सांगते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी पुढच्या महिन्याची बारा तारीख दिली. "पिकलाय चांगला," ते म्हणाले. "आणखी वर्षभर ठेवलात, तर मग मी काही सांगू शकणार नाही." विम्याशिवाय तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. म्हणजे महिनाअखेरपर्यंत माझी नोंदणी व्हायची होती, आणि माझ्यामागून तिची आपोआप. तिचा डोळा माझ्या एका अर्जावर अवलंबून होता. अर्ज, छापील रकाने, सूचना, तळटिपा. आयुष्यात प्रथमच एखादे काम माझ्या लायकीचे आले आहे, असे मला वाटले.

पान चौऱ्याऐंशी, कलम सात: 'रहिवासी म्हणजे अशी व्यक्ती, जी एका आठवड्यातील आपल्या जागेपणाच्या एकूण तासांपैकी निम्म्याहून अधिक तास नोंदवलेल्या पत्त्यावर व्यतीत करते.' नुसते झोपायला येणारे लोक पूर्वी स्वतःला रहिवासी म्हणवून घेत. झोपलेला माणूस कुठेही झोपलेलाच असतो, तेव्हा झोप वगळणे योग्यच होते. अर्जाच्या नवव्या रकान्यात हे तास भरायचे होते.

मी एक वही घेतली आणि सात दिवस घड्याळ लावून नोंद ठेवली. पहाटे साडेपाचला उठतो, रात्री दहाला आडवा होतो: रोजचे जागेपण साडेसोळा तास, आठवड्याचे एकशे साडेपंधरा. त्याचे निम्मे सत्तावन्न तास पंचेचाळीस मिनिटे. सार्वजनिक वाचनालयाच्या वाचनकक्षात मी सोमवार ते शनिवार नऊ ते सहा बसतो आणि रविवारी नऊ ते एक. पोळी-भाजीही तिथल्याच व्हरांड्यात खातो. एकूण अठ्ठावन्न तास.

मी बेरीज चारदा केली. दरवेळी अठ्ठावन्नच आले. आठवड्याला पंधरा मिनिटांच्या फरकाने मी घर सोडून गेलो होतो, आणि हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

"सोळा लिहा की रोजचे," बायको मशीनवरून म्हणाली. "सगळे सोळाच लिहितात."

"ते खोटं होईल."

"समोरच्या वकिलांनी चोवीस लिहिलेत."

"चोवीस कसे? म्हणजे ते झोपतही नाहीत?"

"त्यांची नोंदणीही झाली, अहो! कार्ड आलं घरी. त्यांच्या बायकोचंसुद्धा आलं, आणि ती दोन वर्षं झाली भावाकडे राहते."

मला वकिलांविषयी वाईट वाटले. एवढ्या शिकलेल्या माणसाने तळटीप वाचू नये! तळटिपेत स्पष्ट म्हटले होते: 'माहिती खरी असावी.' मी खरी भरली. रकाना नऊ: 'घर: ५७ ता. ३० मि. (यात येणे-जाणे आणि भाजी आणणे धरले आहे.) वाचनालय, वाचनकक्ष, खिडकीजवळची खुर्ची क्र. १४: ५८ ता.' जागा अपुरी पडली म्हणून वेगळा कागद जोडला. तो आखीव होता. सुवाच्य अक्षरात लिहिला होता. त्या कागदाचा मला अभिमान वाटला, हेही इथे कबूल करतो.

खात्याच्या कार्यालयात बारा खिडक्या आहेत, त्यांपैकी सहा नंबरची उघडी असते. तिथल्या बाईंनी माझा कागद दोनदा वाचला. त्यांच्या कानामागे पेन्सिल होती आणि चेहऱ्यावर दिवसभर लोकांचे आवाज ऐकलेल्या माणसाचा थकवा होता.

"आजोबा, हे तुम्ही स्वतः मोजलंत?"

"सात दिवस."

"आजवर सव्वा लाख अर्ज आले. खरं लिहिणारे तुम्ही तिसरे."

"पहिले दोन कोण?"

"एक पहारेकरी. तो आता फाटकाचा रहिवासी आहे. आणि एक बाई होत्या, त्यांचं घर खरंच कुठलं ते अजून ठरायचंय." त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "मी हा कागद पाहिला नाही असं समजते. नवा अर्ज देते. सोळा लिहा."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने काय केले असते, हे वाचकांना सांगायला नको. मी म्हणालो, "पण तुम्ही पाहिलात."

बाईंनी शिक्का मारला.

सुधारणेच्या वेगाला दाद द्यायला हवी. चौथ्या दिवशी माझे कार्ड आले. ते घरी आले नाही, वाचनालयात आले. ग्रंथपाल बाईंनी स्वतः आणून दिले. त्यावर माझा फोटो होता आणि पत्ता होता: 'सार्वजनिक वाचनालय, पहिला मजला, वाचनकक्ष, खुर्ची क्र. १४.' पात्रता: पूर्ण. कुटुंबातील सदस्य: एक. मला आता हृदय, मूत्रपिंड, दोन्ही गुडघे आणि कोणताही डोळा बदलून मिळणार होता. (इमारतीला टपाल पोहोचत असेल, तर खाते तिला निवासाचा पत्ता मानते. पान नव्वद.)

मी ते कार्ड घेऊन घरी गेलो. म्हणजे, पूर्वीच्या घरी.

बायकोने कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, मग लांब धरले, मग मला परत दिले. "वाचा."

मी वाचून दाखवले.

"माझं नाव कुठाय?"

"तुझं नाव... आश्रित व्यक्ती कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावर राहत असली पाहिजे, असं कलम आहे. तू राहतेस इथे. मी राहतो तिथे."

मशीनवर एक चौकोनी तुकडा अर्धवट शिवलेला होता, त्याची कड ती बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी हेच म्हणत होते. पण मला कुणी शिक्का मारून दिला नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सहा नंबरच्या खिडकीशी उभे होतो. बाईंनी आमच्यापुढे उपलब्ध असलेले मार्ग समजावून सांगितले. ते असे:

एक. पत्नीने एकटी राहणारी व्यक्ती म्हणून स्वतंत्र अर्ज करावा. त्यासोबत पतीच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा निकाल किंवा पती बेपत्ता असल्याचे पोलिसांचे पत्र जोडावे. ('वाचनालयात आहे' असा पर्याय नव्हता. तो असायला हवा, असे एका निवृत्त मुद्रितशोधकाने खात्याला लेखी कळवले आहे.)

दोन. पतीने आपल्या अर्जातली माहिती बदलावी. यासाठी नमुना अकरा आहे: 'चुकीची माहिती दुरुस्त करणे.' माझी माहिती बरोबर होती. बरोबर माहिती दुरुस्त करण्यासाठी नमुना नाही. खोटे लिहिले असते, तर ते कधीही बदलता आले असते.

तीन. सहवास पडताळणी. अधिकारी घरी येतील. पती आणि पत्नी यांना वेगवेगळे बसवून प्रत्येकी दहा प्रश्न विचारतील. सात उत्तरे जुळली, तर पती तासांच्या हिशेबाने कुठेही असला, तरी पत्नीसोबत राहतो असे मानले जाईल.

"दहा प्रश्न कशावर?" मी विचारले.

"घरावर. संसारावर."

"अभ्यासक्रम छापलेला आहे का?"

बायको खिडकीच्या कट्ट्यावर कपाळ टेकवून हसत होती, की काय करत होती, ते मला कळले नाही.

पडताळणीला आठ दिवस होते. परीक्षेची मला कधीच भीती वाटली नाही. भीती वाटते ती माणसांची. मी वाचनालयात जाणे बंद केले आणि घराचा अभ्यास सुरू केला. नवी वही घेतली. पहिल्या दिवशी स्वयंपाकघर, दुसऱ्या दिवशी कपाटे, तिसऱ्या दिवशी बाहेरची खोली. मिठाच्या बरणीचे झाकण निळे आहे. पडदे पिस्ता रंगाचे आहेत आणि ते तिने स्वतः शिवले आहेत. जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. आमच्याकडे एक पाटा आहे, तो कोणी वापरत नाही. मागच्या खिडकीत एक कुंडी आहे आणि तिच्यात काहीतरी जिवंत आहे. मी सगळे टिपून घेत होतो. अनुक्रमणिकाही केली.

"मागे मागे काय फिरताय?" बायको वैतागून म्हणायची. "व्हा बाजूला, उजेड अडतोय."

"डाळीचे डबे किती आहेत?"

"चार. हलू नका तिथून, भांडी पडतील."

"डावीकडून चार?"

"अहो, डावीकडून चार, उजवीकडून चारच!"

संध्याकाळी मी वही घेऊन उजळणी करायचो. ती शेजारच्या खुर्चीवरून काहीतरी सांगत असायची. मी "हूं" म्हणायचो. उजळणीत खंड पडू नये म्हणून.

कर्मचाऱ्यांची टंचाई असल्यामुळे पडताळणीला सहा नंबरच्या बाईच आल्या. आधी बायकोची पाळी होती. मला जिन्यात उभे केले. मी पायऱ्यांवर बसून वही चाळत होतो, तेवढ्यात समोरचे वकील खाली उतरले.

"काय, परीक्षा?"

"हो. बायकोसोबत राहतो की नाही, त्याची."

"हात्तिच्या!" वकील म्हणाले. "तुम्ही तर रोज इथेच असता!" आणि दोन पायऱ्या उतरून थांबले. "म्हणजे, दिसत नाही कधी. पण असणारच की."

मग माझी पाळी आली. बाईंनी पेन्सिल कानामागून काढली.

पहिला प्रश्न: मीठ कुठे असते?

"शेगडीच्या डावीकडे, दुसऱ्या फळीवर, निळ्या झाकणाच्या काचेच्या बरणीत. बरणी साधारण दोन तृतीयांश भरलेली आहे."

"बरणी एवढं पुरे, आजोबा."

पडदे, पायऱ्या, चपला ठेवण्याची जागा, गॅसचा नंबर कुठे लिहून ठेवला आहे तो: पहिल्या पाचांत पाच. माझी छाती फुगली. सहावा प्रश्न बायकोच्या चपलेच्या मापाचा होता. चपला कुठे असतात हे टिपताना मी माप टिपले होते. सहात सहा. आता एकच हवे होते, आणि चार प्रश्न शिल्लक होते.

"दुपारी चार वाजता त्या काय करतात?"

मी आठ दिवस चार वाजता घरीच होतो. चार वाजता मी फळ्या मोजत होतो. "चहा?" मी म्हणालो.

"उजेड सरकतो म्हणून मशीन दुसऱ्या खिडकीशी ओढून नेतात. एकट्या. हल्ली रोज." त्यांनी फुली मारली. "शिवताना त्या काही गुणगुणतात?"

"मशीनचा आवाज असतो."

फुली. "आज सकाळी त्यांनी तुम्हाला शेवटचं काय सांगितलं?"

मी आठवू लागलो. मला माझा "हूं" अगदी स्वच्छ आठवला. त्याच्या आधी काय होते, ते काही केल्या आठवेना.

फुली. बाईंनी कागद चाळला. मला वाटते, त्यांनी शेवटचा प्रश्न मुद्दाम सोपा निवडला होता.

"शस्त्रक्रिया कुठल्या डोळ्याची आहे?"

मी डोळे मिटले. बायको डोळ्यांपुढे आणली. ती जेवताना समोर बसते, बोलते, मी वर पाहतो... "डावा," मी म्हणालो.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या समोर बसतात ना, म्हणून," मी म्हणालो. "समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या बाजूला येतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे."

"पुस्तकाचं डावं पान कुठलं, ते चुकत नाही ना तुमचं?"

दहापैकी सहा. मी आयुष्यात प्रथमच नापास झालो होतो, आणि त्यासाठी डोळा दुसऱ्याचा जाणार होता. मुदत संपायला तीन दिवस होते. स्वयंपाकघराच्या दारात बायको पदराला हात पुसत उभी होती. तिने निकाल विचारला नाही. तिने माझ्याकडे पाहिले. निदान जिथे मी तिला अंधूक दिसत असेन, तिथे पाहिले.

"तुम्ही कपाटं पाठ केलीत," ती म्हणाली. "मला एकदा विचारलं असतंत तर."

मी काहीतरी म्हणायला हवे होते. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला लगेच दिसते, पण स्वतःचे वाक्य करायची वेळ आली की अडतो.

सहा नंबरच्या बाई मात्र बायकोची उत्तरपत्रिका चाळत होत्या. "यांना तुमच्याविषयी विचारलं होतं. दहापैकी दहा आहेत," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी वाचून दाखवले. खुर्ची क्रमांक चौदा. तिच्या पाठीतला खिळा टोचतो म्हणून नवरा मागे रुमाल ठेवतो. चष्मा शोधताना आधी कपाळ चाचपतो, तेव्हा तो खिशात असतो. अनोळखी माणूस आला की पाणी आणायच्या निमित्ताने आत जातो आणि पाणी विसरतो. आणि तो तीन प्रकारचे "हूं" म्हणतो: एक, ऐकले नाही, दोन, ऐकले पण कळले नाही, तीन, आता पान उलटतो आहे.

"तिन्ही ओळखता येतात?" बाईंनी तिला विचारले.

"तिसरा जरा लांब असतो," बायको म्हणाली.

बाईंनी पुस्तिका काढली. पान एकशे सहा. ते मी तीनदा वाचले होते, पण ते आपल्याविषयी आहे असे मला कधी वाटले नव्हते. कलम एकोणतीस, 'एकतर्फी सहवास': पती पत्नीसोबत राहत नसला, तरी पत्नी पतीसोबत राहते हे सिद्ध झाल्यास, तिची नोंद पतीच्या पत्त्यावर करता येईल, मात्र शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत तिने निम्म्याहून अधिक जागेपण तिथे काढावे.

"त्या तुमच्यासोबत राहतात, हे सिद्ध झालंय," बाई शिक्का मारताना म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्यासोबत राहत नाही, हेही झालंय. कायद्याला पहिलं पुरतं."

अशा रीतीने माझी बायको खुर्ची क्रमांक पंधराची रहिवासी झाली. चाळीस वर्षांत ती वाचनालयात कधी आली नव्हती. आता रोज नऊला माझ्यासोबत येऊ लागली. मशीन आणता येत नव्हते, म्हणून हाताने करायची कामे पिशवीत घालून आणायची: बटणे, हुक, साड्यांचे फॉल. ग्रंथपाल बाईंनी नियमावली पाहिली. वाचनकक्षात बोलणे, खाणे आणि घोरणे यांना बंदी होती. हुक लावण्याविषयी काही म्हटलेले नव्हते.

दर दहा मिनिटांनी ती सुई माझ्यापुढे धरायची. मी दोरा ओवून द्यायचो. त्यामुळे त्या दोन आठवड्यांत माझी एकूण एकतीस पाने वाचून झाली. (माझी सरासरी तेवढ्या काळात अकराशे आहे.) दोरा ओवता ओवता ती कुजबुजायची, "काय वाचताय?" मी कुजबुजून सांगायचो. "मग? ती बाई गेली का परत?" "अजून नाही. पुढच्या प्रकरणात." "वाचा ना मग पुढे, माझ्याकडे काय बघत बसलात?" तिसऱ्या दिवशी मला कळले, ती शिवताना खरेच गुणगुणते. चाल एकच असते आणि ती अर्ध्यावर सोडून देते. हे मी वहीत टिपले नाही. पडताळणी होऊन गेली होती.

बारा तारखेला शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याची. मी डॉक्टरांना दोनदा तसे सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "आजोबा, आम्हाला माहीत आहे." दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तिने आधी खिडकी पाहिली, मग परिचारिकेच्या बाहीची शिवण पाहिली आणि नापसंतीने मान हलवली, आणि मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

"वाचनालयात," मी म्हणालो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी छापखान्यात असतो, तर इथे पेन्सिलने रेघ मारली असती. परंतु डोळा बरा झाल्यावर महिनाभराने तिला पुस्तकातली ती बाई परत गेली की नाही, ते स्वतः वाचून पाहायचे होते. ती वाचनालयात आली. पंधरा नंबरवर बसली. त्या पुस्तकानंतर दुसरे घेतले, मग तिसरे. मशीनवर कापड घातले आहे. गल्लीतले लोक आपले उसवलेले कपडे घेऊन आता वाचनालयाच्या पायऱ्यांवर थांबतात.

मी तिला काही ना काही सांगत असतो. मला आता बोलावेसे वाटते. एकदा सवय लागली की राहवत नाही. परवा मी विचारले, "सहा वाजले, घरी जायचं ना?"

"हूं," ती म्हणाली.

तिसरा प्रकार. जरा लांब असतो.

काल खात्याचे पत्र आले. आमच्या जुन्या पत्त्यावर सध्या एकही रहिवासी आढळत नसल्याने ते घर नकाशातून का वगळू नये, याचा खुलासा सात दिवसांत मागवला आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. खरे काय लिहायचे, ते ठरत नाही. सोबत वार्षिक अहवालही जोडला आहे: सुधारणेनंतर नव्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के नागरिक रोज सोळा तास आपापल्या घरी, आपल्या माणसांसोबत राहतात, असे त्यांच्याच सहीनिशी सिद्ध झाले आहे. जगात कुठेही कुटुंबे इतकी एकत्र नसतील. खात्याने सगळ्यांचे अभिनंदन केले आहे. त्यात तुमचेही आहे. सही तुमची होती.

फक्त एक बारीक बाब. हे एवढे वाचायला तुम्हाला पंधरा मिनिटे लागली असतील, आणि घर सुटायला तेवढीच पुरतात, हे मी मोजून सांगतो. या पंधरा मिनिटांत घरातले कोणीतरी तुमच्याजवळ येऊन काहीतरी विचारून गेले आहे, आणि तुम्ही "हूं" म्हणाला आहात. काय विचारले होते, ते रकाना नऊमध्ये सुवाच्य अक्षरात लिहा. आत जाऊन विचारून येऊ नका. पडताळणी वेगवेगळ्या खोल्यांत होते, आणि त्यांची उत्तरपत्रिका केव्हाच लिहून झाली आहे.